दगडाचा संदर्भ

मास्तर गेल्याचं मला कंपनीच्या बसमध्ये कळलं. कुणाचा फोन नाही, चौकात फ्लेक्स नाही, काही नाही. कासुर्डीच्या फाट्यावर बसमध्ये चढले, खिडकीची जागा धरली आणि रोजच्यासारखं मोबाइलवर ऑनलाइन ज्ञानकोशातलं बँडचं पान उघडलं. सदस्यांच्या यादीत पहिलं नाव मास्तरांचं. त्यांच्या जन्मसालापुढं काल काही नव्हतं. आज तिथं एक आडवी रेघ होती आणि रेघेपुढं मृत्यूची तारीख. मागच्या हिवाळ्यातली.

हिवाळा सरून उन्हाळा लागला आणि आपल्याला पत्ता नाही? शेजारी पॅकिंगमधली बाई बसली होती, ती विचारत होती काय झालं म्हणून. कुरकुंभ येईपर्यंत मी ओढणी तोंडाला लावून रडत होते.

आता हा बँड म्हणजे गिटारवाल्या पोरांचा नव्हे. शिरूरच्या जुन्या मिशन कंपाउंडातल्या ख्रिस्ती मंडळींचा हा पितळी वाद्यांचा बँड. ट्रंपेट, क्लॅरिनेट, ढोल, झांजा आणि खांद्यावर अजगरासारखा गुंडाळलेला तो मोठा कर्णा. शिरूर आणि दौंड तालुक्यात ज्याच्या लग्नाला हा बँड, त्याच्या लग्नाला मान. माझ्या लग्नात माझ्या वडिलांनी तारीख काढायच्या आधी मास्तरांना विचारलं होतं की तुम्ही मोकळे कधी आहात. भटजींना नंतर विचारलं. बारा-पंधरा वर्षांपूर्वी डीजे आले आणि बँड बसला. आता त्या मोठाल्या स्पीकरांपुढं आपलं काळीज बरगड्यांत उड्या मारतं, त्याला लोक वाजवणं म्हणतात. असो. तो विषय काढला की माझं डोकं फिरतं.

मी कंपनीत लॅबमध्ये असते. ऑनलाइन ज्ञानकोशात कुणीही लिहू शकतं हे कळल्यावर मी पहिलं पान आमच्या गावच्या धरणाचं लिहिलं आणि दुसरं या बँडचं. वाटलं होतं, आपण लिहायचं आणि लोकांनी वाचायचं. कसलं काय! लिहिल्याच्या दुसऱ्या दिवशी एक संपादक माझ्या मानगुटीवर बसले. बाई की बुवा, कुठले, काही माहीत नाही. मी त्यांचं नाव हरकतराव ठेवलं. मी लिहिलं ‘पंचक्रोशीत गाजलेला बँड’, त्यांनी ‘गाजलेला’ उडवलं. मी लिहिलं ‘मास्तर दणक्यात वाजवत’, त्यांनी ‘दणक्यात’ उडवलं आणि मला कळवलं की विशेषणं नकोत, काय केलं ते लिहा. पानावरच्या चौकटीत ‘शैली’ असा रकाना असतो, तिथं मी ‘वरात’ लिहिलं तर त्यांनी ‘लोकसंगीत’ केलं. मी परत ‘वरात’ केलं. मग त्यांनी अल्बमची यादी मागितली. वरातीचा अल्बम म्हणजे नवरानवरीच्या फोटोंचा, तो लावू का म्हणून मी विचारलं.

एका गोष्टीवरून मात्र मी खरंच दुखावले होते. ज्ञानकोशात नावामागं-पुढं मानाचं काही लावायचं नाही, साहेब नाही, आप्पा नाही, म्हणून त्यांनी ‘मास्तर’ काढून टाकलं. उरलं ते नाव कागदोपत्री बरोबर होतं, पण त्या नावानं त्यांना शिरूरच्या बाजारात कुणी ओळखलं नसतं. मी आठवडाभर भांडले. नियम म्हणजे नियम म्हणून शेवटी गप्प बसले.

मृत्यूची तारीखही हरकतरावांनीच घातली होती. अशा नियमाच्या माणसानं ती घातली म्हणजे पुराव्याशिवाय घातलेली नसणार. दुपारच्या सुट्टीत कँटीनबाहेर उभं राहून मी त्या तारखेखालचा संदर्भ उघडला. फोटो होता. शिरूरच्या ख्रिस्ती कबरस्थानातले फोटो कुणीतरी ज्ञानकोशाच्या संग्रहात चढवले होते, त्यातला एक. काळा घडीव दगड, वर क्रूस, त्याखाली मास्तरांचं पूर्ण नाव, त्यांच्या शेजारी एका बाईचं नाव, आडनाव तेच. दोघांची जन्मसालं. खाली मधोमध ‘प्रभूमध्ये विसावा’ आणि ती एकच तारीख.

म्हणजे मास्तरीणबाई पण? दोघं एकाच दिवशी? मास्तर जुन्या स्कूटरवर बायकोला मागं बसवून चर्चला जायचे, ते मला माहीत होतं. पुणे-नगर रस्ता कसा आहे, तेही माहीत होतं. डोळ्यांपुढं नको नको ते यायला लागलं. मास्तरीणबाईंचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा त्या दगडावर वाचलं. सगळा गाव त्यांना मास्तरीणबाईच म्हणायचा.

रविवारी मी शिरूरला निघाले. उशीर झाला तरी भेटायला जायलाच हवं, आमच्यात दारात गेल्याशिवाय दुःख पोचत नाही. दुखवट्याला रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून सासूबाईंनी पिशवीत साखर आणि चहापूड घातली. चौफुल्याला एसटी मिळाली, न्हावऱ्यापर्यंत उभ्यानं गेले. घरात आता कोण असेल, पुण्याला दिलेली त्यांची मुलगी आली असेल का, तिला काय बोलायचं, हे सगळं मनात जुळवत मिशन कंपाउंडात शिरले. दार लोटलेलं होतं. मी कडी वाजवली आणि पदर डोक्यावर घेतला.

दार मास्तरांनी उघडलं.

बनियन, लेंगा, हातात लसणाची अर्धी सोललेली पाकळी. मी चौकट धरली. मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं, पिशवीकडं पाहिलं, डोक्यावरच्या पदराकडं पाहिलं. असली तोंडं त्यांनी जन्मभर पाहिलेली, बँड मयतीलाही जायचा. त्यांनी हळूच विचारलं, "कोण गेलं गं पोरी?"

"तुम्ही, मास्तर."

मास्तर बाजूला सरकून म्हणाले, "आत ये. निम्मी बातमी खरी हाय."

मास्तरीणबाई गेल्या होत्या. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत आटोपलं. मास्तरांनी कुणाला फारसं कळवलं नव्हतं. मी पार चक्रावून गेले होते. रडायला आले होते ते यांच्यासाठी, हे समोर उभे. आणि ज्यांच्यासाठी रडायचं, त्यांची आठवण मला यांच्या शेपटासारखी आली होती. आनंद झाला म्हणावं तर लाज वाटत होती आणि दुःख झालं म्हणावं तर खोटं वाटत होतं. मास्तरांनी मी आणलेल्या साखरेचा चहा केला. स्वतःच्या दुखवट्याची साखर कुणाला चाखायला मिळत नाही, म्हणाले, आणि दोन चमचे जास्त घातली.

दगडाचं कोडं त्यांनी चहा पिता पिता सोडवलं. त्यांच्यात नवराबायकोपैकी एक आधी गेलं की पुष्कळ जण एकच दगड बसवतात आणि मागं राहिलेल्याचं नाव तेव्हाच कोरून घेतात. त्याची तारीख घालायला खाली जागा मोकळी सोडायची, वेळ आली की पाथरवट येऊन तेवढी घालून जातो. मी म्हटलं, जिवंत माणसाचं नाव थडग्यावर? आमच्यात असलं कुणी केलं तर घरच्या बायका त्याला उंबऱ्याबाहेर काढतील. मास्तरांना हसू आलं. त्यात काय एवढं, म्हणाले, गाडीत आपल्या माणसाशेजारी रुमाल टाकून जागा धरत नाही का आपण? हरकतरावांनाही आमच्यासारखीच ही रीत माहीत नसणार. दोन नावं आणि एक तारीख बघितली आणि दोघांना एकदमच मारून मोकळे झाले.

त्या संध्याकाळी परतीच्या एसटीतच मी मास्तरांच्या मृत्यूची तारीख पुसली. घरी पोचेपर्यंत ती परत आलेली होती. खाली शेरा होता, संदर्भ असलेला मजकूर काढू नये. मी चर्चेच्या पानावर लिहिलं की अहो, माणूस जिवंत आहे, मी आज त्यांच्या हातचा चहा प्यायलेय. उत्तर आलं:

"आपला वैयक्तिक अनुभव संदर्भ म्हणून ग्राह्य धरता येत नाही. व्यक्ती हयात असल्याचा प्रकाशित संदर्भ द्यावा."

मी तो मोबाइल भिंतीवर आपटायचा बाकी ठेवला. हयात असल्याचा संदर्भ! पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं, पण तिथं निदान माणूस समोर उभा राहिला तर चालतो. इथं माणूस उभा राहून उपयोग नाही, तो छापून आला पाहिजे. सासूबाईंना मी हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या की ते तुमचं यंत्र चुलीत घाल. त्यांचं म्हणणं मला पटलं होतं.

पुढच्या सुट्टीला मी परत शिरूरला गेले. तालुक्याचा वार्ताहर माझ्या भावाच्या ओळखीचा होता, त्याला घेऊन बातमी छापून आणायची, असं मी ठरवलं होतं. मास्तरांना हे सांगितलं, तर त्यांनी मान हलवली.

"माझं ऱ्हाऊ दे. मी मेलो म्हणून लिवलंय, ते आज न्हाई उद्या खरंच होनार हाय. तिचं काय लिवलंय त्यात?"

मी म्हटलं, त्यांचं काय लिहिणार? त्या बँडमध्ये कुठं होत्या?

मग मास्तर सांगायला लागले. आमच्या दोन तालुक्यांत या बँडचा एक लौकिक होता. नवं गाणं आलं की सगळ्यांच्या आधी ते यांच्या वरातीत वाजायचं. दुसरे बँडवाले कपाळ बडवून घ्यायचे की हे शिकतात कधी. ते गाणं बसवायच्या मास्तरीणबाई. मिशनच्या बोर्डिंगात त्या गायला आणि पेटीला शिकलेल्या. रेडिओवर गाणं दोनदा ऐकलं की त्यांच्या डोक्यात ते सुटं व्हायचं. मग गडी ओट्यावर बसायचे आणि बाई चुलीपुढून एकेकाला त्याचा भाग गाऊन दाखवायच्या. ट्रंपेटवाल्याला त्याचा, क्लॅरिनेटवाल्याला त्याचा, कर्णेवाल्याला नुसतं ‘भों भों’ पण कुठं थांबायचं ते नीट सांगून. भाकरी थापता थापता चुकलेला सूर ओरडून पकडायच्या. कुणालाही सुरांचा कागद वाचता येत नव्हता, मास्तरांनासुद्धा. मास्तर फक्त पुढं उभं राहून वाजवायचे आणि हात हलवायचे.

मी विचारलं, एवढं मोठं तुम्ही कधीच कसं सांगितलं नाहीत? पान लिहिताना मी तुमच्याकडं तासन्‌तास बसले होते.

मास्तर म्हणाले की वरातीचा बँड बाईनं शिकवलाय म्हटलं असतं, तर त्या काळी सुपारी कुणी दिली नसती. लोकांनी हसून वाट लावली असती. पुढं सवय झाली. शेवटी एकदा, दवाखान्यात, बाईंनी विचारलं होतं की त्या पोरीनं मोबाइलवर लिहिलंय त्यात माझं नाव आहे का. मास्तर खोटंच हो म्हणाले होते.

मला त्यांचा राग आला, खरंच आला, आणि तो मी त्यांना बोलून दाखवला. ते ऐकून घेत बसले. मग म्हणाले की म्हणूनच सांगतोय, तिचं नाव तेवढं घाल, म्हणजे मी तिला खोटं बोललो असं होणार नाही.

वार्ताहर आला. मास्तरांनी त्याला स्वतःबद्दल अक्षर सांगितलं नाही. बाईंचं नाव दोनदा सांगितलं, लिहून घेतलं का ते विचारलं, त्या चुलीपुढून कशा गाऊन दाखवायच्या ते स्वतः गाऊन दाखवलं. पोरगा खूश होऊन गेला. मीही निर्धास्त झाले. चौथ्या दिवशी बातमी छापून आली. मथळा होता, ‘इंटरनेटवर मेलेले बँडमास्तर शिरूरमध्ये ठणठणीत’. फोटोत मास्तरांच्या हातात ट्रंपेट. वर गंमत, खाली गंमत, आणि शेवटच्या ओळीत एवढंच, ‘पत्नीच्या निधनानंतर ते एकटेच राहतात.’ बाईंचं नाव नव्हतं. मी पेपर उलटापालटा करून बघितला, पुढच्या पानावर चालू असेल म्हणून. कुठं काही नव्हतं. वार्ताहराला फोन केला, तर तो म्हणाला की मी सगळं लिहिलं होतं, वरून कापलं, जागा नव्हती.

हरकतरावांनी ती बातमी बघितल्याबरोबर मास्तरांना जिवंत केलं. वर दिलगिरीही व्यक्त केली, अगदी सभ्यपणे. आणि चुकीचा संदर्भ म्हणून तो दगडाचा फोटो पानावरून काढून टाकला. मला धक्का बसला तो आत्ता. त्या पानावर मास्तरीणबाईंचं नाव एकाच ठिकाणी होतं, त्या फोटोत. मास्तर परत आले आणि बाई पुसल्या गेल्या. ज्या दगडाला मी महिनाभर शिव्या घालत होते, तोच तेवढा त्यांना धरून बसला होता.

मी हे मास्तरांना जाऊन सांगितलं. सांगणं जिवावर आलं होतं. ते लसूण निवडत ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं, "दगडावर लिवलेलं त्या मान्साला चाललं व्हतं ना?"

चाललं होतं, मी म्हटलं.

पाथरवटाला बोलवायचं त्यांनी तिथंच ठरवलं. बाईंच्या नावाखाली काय कोरायचं ते त्यांनी पाद्रीसाहेबांकडून लिहूनही आणलं. प्रेमळ माता, आदर्श पत्नी, कष्टाळू, सुस्वभावी, सर्वांच्या लाडक्या, असं बरंच. मला ते वाचायला दिलं. मी वाचलं आणि माझ्या तोंडून जे निघालं ते ऐकून मी स्वतःच चाट पडले.

"मास्तर, विशेषणं काढा. काय केलं ते लिहा."

बरोबर हरकतरावांचं वाक्य. ज्या माणसाचा मी इतका दुस्वास केला होता, त्याचंच. मग ओट्यावर बसून आम्ही दोघांनी एक एक शब्द काढला. माता काढलं, तेव्हा मास्तरांना वाईट वाटलं. लाडक्या काढलं, तेव्हा मला वाटलं. शेवटी उरली एक ओळ: ‘बँडची सर्व गाणी हिने बसवली.’

कोरायच्या दिवशी मी रजा टाकली. कबरस्थानात कडुलिंबाखाली थोडी सावली होती. पाथरवट म्हातारा होता, त्यानंच तो दगड आधी घडवलेला. त्यानं खडूनं ओळ आखली, मागं सरून बघितली आणि छिन्नी खाली ठेवली. मास्तरांना म्हणाला की ही ओळ इथं आली तर खालची सगळी जागा संपती, मंग तुमची तारीख कुठं घालायची?

मास्तर दगडाकडंच बघत होते.

"माझी एकदा लिवून झाली," ते म्हणाले. "समद्यांनी वाचली. तू हिचं लिव."

पाथरवटाला काही कळलं नाही, पण त्यानं छिन्नी उचलली. मला तिथं उभं राहवेना. मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले आणि मनसोक्त रडले. तीन महिने उशिरा का होईना, ज्यांच्यासाठी रडायला हवं होतं त्यांच्यासाठी रडले. मागून छिन्नीचा आवाज येत होता. मास्तर पायानं त्याच्याबरोबर ताल धरत होते, ते त्यांना कळतही नसावं.

फोटो मीच काढला, मीच चढवला. पानावर सदस्यांच्या यादीत मी बाईंचं नाव घातलं, पुढं लिहिलं ‘गाणी बसवणे’, खाली दगडाचा संदर्भ दिला. हरकतराव आता काय म्हणणार, याची तयारी मी मनाशी करून ठेवली होती. तुम्हाला या दगडावरून माणूस मेलेला चालला, तर बाईनं गाणी बसवलेली का चालू नयेत, इथपासून पुढं सगळं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये पान उघडलं. हरकतराव येऊन गेले होते. त्यांनी माझ्या ओळीतला एकही शब्द कापला नव्हता. फक्त बाईंचं नाव यादीच्या तळातून उचलून सगळ्यांत वर, मास्तरांच्याही आधी ठेवलं होतं, आणि खाली शेरा लिहिला होता की सुरुवात यांच्यापासून होते असं दिसतं.

मी कुरकुंभला पोचल्या पोचल्या मास्तरांना फोन लावला आणि ते वाचून दाखवलं. त्यांनी मला परत वाचायला लावलं. मग म्हणाले की थांब, मी फोन तिच्या फोटोपाशी धरतो, आता तू मोठ्यानं वाच. मी कंपनीच्या गेटवर उभं राहून मोठ्यानं वाचलं.